तीन दिवसांचा उपास

मी स्वभावानं तापट, आणि भूक लागली की मग विचारूच नका. आज ऐंशी ओलांडली, तरी ताटाला उशीर झाला की घरातले दबकून असतात. बोर्डिंगात तर मी तेरा वर्षांचा होतो.

निजामाच्या राज्यात आमच्या ईट गावात शाळा चौथीपर्यंतच. वडलांनी कुणाकुणाचे पाय धरून मला जिल्ह्याच्या गावी लिंगायत बोर्डिंगात घातलं. शाळेत सगळं उर्दूतून, कळो न कळो. बोर्डिंगात भाकरी आणि पाण्यासारखी आमटी. रडू यायचं, पण रडायला जागा नव्हती.

आम्हा लिंगायतांच्या गळ्यात तान्हेपणापासून इष्टलिंग असतं. ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय घास घ्यायचा नाही. त्यात गृहपतींचा नियम, सगळ्यांची पूजा आटोपल्याशिवाय कुणाला वाढायचं नाही. माझ्या शेजारी मुरुम गावचा एक पोरगा बसायचा, आईकडून अर्धा कानडी. त्याची पूजा काही संपायची नाही. हा डोळे मिटून पुटपुटतोय आणि इथं आमच्या पोटात कावळे ओरडतायत. मी नुसता दातओठ खायचो.

एका सकाळी विहिरीवर पोहरा ओढताना त्याच्या गळ्यातला झिजलेला दोरा तुटला. आईनं पिवळ्या दोऱ्यानं शिवलेल्या फडक्यात त्याचं लिंग असायचं, ते पायरीवर पडलं. त्याला पत्ताच नाही. मी उचललं आणि कनवटीला खोचलं. म्हटलं, बस आता शोधत! जेवायच्या वेळी द्यायचं, चार शिव्या खायच्या, झालं.

थोड्या वेळानं त्याचा हात गळ्याकडं गेला आणि तोंड पांढरंफटक पडलं. मला भिंतीआड ओढून म्हणाला, "लिंग हिरीत गेलं रं. कुणाला सांगू नगंस. आईला कळलं तर ती अन्न सोडंल. घावंस्तवर म्या बी जेवायचा न्हाय." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला.

तेव्हाच कनवटीला हात घालायचा होता. घातला नाही. भ्यालो. दुसऱ्याच्या इष्टलिंगाला मी थट्टेनं हात लावला होता, आमच्यात ते मोठं पाप. त्याला खोटं बोलता येत नसे. गृहपतींनी विचारलं असतं तर त्यानं सगळं सांगून टाकलं असतं, आणि मला त्याच दिवशी वळकटी उचलावी लागली असती. वडलांचं तोंड डोळ्यांपुढं आलं.

त्याचं पोट दुखतंय असं मीच गृहपतींना सांगितलं आणि तो पडून राहिला. मला वाढलं, पण घास काही उतरेना. मी, भाकरीच्या तुकड्यावरून भांडणारा, भरलं ताट सारलं. त्यानं अंथरुणातून ते पाहिलं. "तू बी न्हाय जेवलास? माझ्यापायी?" मी गप्प राहिलो. त्यानं त्याचा अर्थ त्याच्या मनासारखा लावला.

आता मला ते सोंग निभावणं आलं. दुसऱ्या दिवशी कुणाचं लक्ष नसताना तो सात-आठ वेळा विहिरीत उतरला, तळाचा गाळ चाचपून निळ्या ओठांनी वर आला. मी शाळेमागं चोरून मूठभर शेंगदाणे खाल्ले. ते बरे गेले घशाखाली! लाज वाटते सांगायला.

तिसऱ्या सकाळी त्याला धड उभं राहता येईना, तरी निघाला विहिरीकडं. आता हा बुडून मरतो, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी पुढं पळालो, खालच्या पायरीच्या फटीत लिंग ठेवलं आणि बाजूला झालो. त्याला ते दिसलं. "शिवा शिवा!" केवढ्यानं ओरडला! लिंग छातीशी धरून त्यानं मला मिठी मारली. "तुझ्या उपासाला शिव पावला रं."

पुढं मुरुमला कधीही गेलो तरी त्याची आई माझ्या ताटात आधी वाढायची. "ह्यानं माझ्या लेकासाठी अन्न सोडलं व्हतं," आल्यागेल्याला सांगायची. खरं सांगून टाकावं असं किती वेळा जिभेवर आलं. ती गेली, मग वाटलं, आता त्याला तरी सांगू. तो समोर आला की पहिल्यांदा विचारायचा, "जेवलास का?" मी भेकड, दुसरं काय.

मागल्या साली तो गेला. आमच्यात पुरतात. रीतीप्रमाणं त्याला खड्ड्यात बसवलं होतं, डाव्या तळहातावर तेच लिंग. पिवळ्या टाक्यांचं फडकं बाजूला घडी करून ठेवलं होतं. त्याचा मुलगा माझ्या हातात बेलाचं पान देत म्हणाला, "काका, पहिलं पान तुमी वाहा. आबा सांगून गेलेत. तुमी त्यांच्यासाठी तीन दिवस उपाशी राहिलात म्हणायचे."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी वाकलो. "अरं, म्याच घेतलं व्हतं," एवढं दोस्ताच्या कानाशी म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही. मग त्याच्या तळहातावर पान ठेवलं आणि माती ओढायला लोकांना वाट करून दिली.