जावईबुवांचा काळा पट्टा

कमरेला काळा पट्टा बांधण्याचा हक्क आमच्या अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकाच माणसाला होता आणि नेमका त्यालाच तो मिळाला नाही, हे मी आजही कोणाशीही भांडून सांगायला तयार आहे. हा माणूस म्हणजे माझ्या चुलतबहिणीचे यजमान. नात्यानं माझे भाऊजी. पण लग्नानंतर ते डोणगावला, म्हणजे सासुरवाडीतच राहायला आले, बसस्टँडजवळ मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकून बसले आणि बघता बघता साऱ्या गावाचे जावईबुवा झाले. विहिरीवरची जळालेली मोटार बैलगाडीत घालून आणणारा शेतकरीसुद्धा आधी "राम राम जवाईबुवा" म्हणे आणि मगच मोटारीकडे वळे. हेच जावईबुवा रोज सकाळी कापसाच्या जिनिंगच्या मैदानावर गावातल्या पोरापोरींना कराटे शिकवत. ज्या काळात आमच्याकडे मारामारी म्हणजे कॉलर धरायची आणि समोरच्याच्या खानदानाचा उद्धार करायचा एवढीच कल्पना होती, त्या काळात त्यांनी हे खूळ नागपूरहून आणलं. तिथे आयटीआयला असताना संध्याकाळी एका क्लबात जाऊन ते तपकिरी पट्ट्यापर्यंत पोचले होते. पुढचा काळा. तो घ्यायच्या आत त्यांचं लग्न ठरलं.

जावईबुवा प्रत्येक गोष्टीला कमरेत वाकून नमस्कार करत. मैदानात शिरताना मैदानाला, दुकान उघडताना दुकानाला, आणि मोटार खोलण्याआधी त्या मोटारीलाही. एकदा एका म्हाताऱ्याला वाटलं की त्याची मोटार वारली, आणि तो तिथंच मटकन खाली बसला. त्यांचा कराटेचा पोशाख गावच्या शिंप्यानं मांजरपाटाचा शिवला होता. शिंप्याच्या हाताला लेंग्याचीच सवय, त्यामुळे खालचा भाग एवढा घोळदार झाला की त्यांनी लाथ मारली की आधी वारा यायचा आणि मग पाय. वर पुन्हा जावयाचे कपडे म्हणून सासूबाई ते स्वतः धूत आणि मायेपोटी इतकी नीळ घालत की पांढरा पोशाख पहिल्याच महिन्यात आभाळी रंगाचा झाला. पहाटे ते पोटातून आरोळी मारत. ती ऐकून शेजारच्या म्हशीनं पान्हा चोरला, तेव्हा तक्रार जावयाकडे कशी न्यायची म्हणून शेजारी माझ्या काकांकडे आले आणि अर्धा तास पाऊसपाण्याच्या गप्पा मारून तसेच परत गेले. विटा नाहीतर कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फोडून दाखवा असं लोक फार म्हणत. जावईबुवा म्हणत, "कवेलूनं माह्यं काय बिघडवलं?" त्यावर एका आजीबाईंनी सरळच विचारलं होतं, "मंग आमच्या घरचे लाकडं तरी फोडून देता का, हातानं?"

खरी पंचाईत वेगळीच होती. आमच्याकडे जावई म्हणजे पाटावर बसवायचा माणूस. त्याला पुरणपोळीचा आग्रह करायचा, लाथ कशी मारायची? सुरुवातीला सरावात समोर आलेला प्रत्येक पोरगा त्यांच्या छातीपासून वीतभर अलीकडेच पाय थांबवायचा. जावईबुवा ओरडायचे, "मार न बे! काऊन थांबून राह्यला?" तर पोरगा मान खाली घालून म्हणे, "सर, घरी समजलं तं माय जेवाले नाई देणार." हा पेच शेवटी सुमननं सोडवला. वांगी-मिरचीचा मळा असलेल्या घरची ही काटक पोरगी. तिनं एक दिवस डोळे मिटून जावईबुवांच्या पोटात अशी लाथ घातली की ते दोन पावलं मागं गेले आणि आनंदानं लालेलाल झाले. संध्याकाळी तिचे वडील टोपलीभर वांगी घेऊन माफी मागायला आले. जावईबुवांनी वांगी ठेवून घेतली आणि सांगितलं, "पोरीले रागावू नका. मले आज पहिल्यांदा वाटलं का मी शिकवून राह्यलो."

एका बाबतीत मात्र ते दगड होते. त्यांच्या क्लबात उभं राहायचं ते पट्ट्याच्या क्रमानं. तिथे वय नाही, घराणं नाही, नातं नाही. मोठ्या जमीनदाराचा मुलगा पांढऱ्या पट्ट्यावर होता तोवर रोजंदारीवाल्याच्या पोराच्या मागं उभा राहिला. त्याचे वडील रागानं विचारायला आले तर जावईबुवांनी त्यांनाही नमस्कार केला, पण पोराची जागा बदलली नाही. "वरचा पट्टा समोर, खालचा पट्टा मागं. जागा कमवा लागते," एवढंच बोलले.

आता थोडं कात्याबद्दल सांगायला हवं. काता म्हणजे समोर शत्रू नसताना ठरलेल्या क्रमानं मारायचे ठोसे, लाथा आणि वळणं. प्रत्येक पट्ट्याचा काता वेगळा. काळ्या पट्ट्याचा काता जावईबुवांना नागपुरात वर्गात शिकायला मिळालाच नव्हता. लग्नासाठी नागपूर सोडायच्या आधी त्यांनी गुरुजींचे पाय धरले, आणि गुरुजींनी आपल्या घराच्या गच्चीवर चार संध्याकाळी त्यांना तो घाईघाईनं दाखवला. तेवढी शिदोरी घेऊन ते डोणगावला आले. मग वर्षानुवर्षं रोज पहाटे तो काता त्यांनी घोटला, आणि पोरं तपकिरी पट्ट्याला पोचली तशी त्यांनाही एकेकाचे हातपाय धरून, जीव ओतून शिकवला. काळ्या पट्ट्याची परीक्षा घ्यायला नागपूरहून परीक्षक यावे लागत. ते यावेत म्हणून त्यांनी किती पत्रं लिहिली असतील, देव जाणे. शेवटी एका दिवाळीच्या सुट्टीत अख्ख्या जिल्ह्याचं शिबिर डोणगावला ठरलं. गुरूनं आणि शिष्यांनी एकाच वेळी परीक्षेला बसायचं होतं. आमच्या काकांनी तर जावयासाठी फेटा आणि शेला आधीच आणून ठेवला. काळा पट्टा म्हणजे नक्की काय हे त्यांना माहीत नव्हतं, पण जावयाचा मान होणार आणि आहेर आपला नसणार हे त्यांना चालण्यासारखं नव्हतं.

शिबिराची पहिली सकाळ. चिखली, मेहकर, उंद्री, पार सोनाळ्याहून आलेली पोरं आणि आमची डोणगावची, सगळे एका मैदानावर. परीक्षकांनी काळ्या पट्ट्याचा काता सुरू करायला सांगितला. पहिला ठोसा एकदम झाला. दुसऱ्या हालचालीला सारं मैदान उजवीकडे वळलं आणि डोणगाव डावीकडे. चिखलीचा एक पोरगा आणि आमची सुमन नाकाला नाक लावून उभे राहिले. कोणाचा ठोसा कोणाच्या कानावर बसला. जावईबुवा आपल्या जागेवरून, पूर्ण खात्रीनं गरजले, "चिखलीवाले! डावीकडे बे, डावीकडे! कोणं शिकवलं तुम्हाले?"

परीक्षक वयानं मोठे आणि स्वभावानं शांत होते. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "तुम्हाला कोणी शिकवलं? समोर तोंड करून शिकवलं का?"

जावईबुवांना गच्ची आठवली. गुरुजी समोर उभे, तोंड यांच्याकडे. गुरुजींचा हात ज्या बाजूला जाई, त्याच बाजूला यांनी हात नेला होता. आरशापुढे उभं राहून भांग पाडावा, तसा अख्खा काता उलटा उतरला होता आणि त्यांच्यावरून साऱ्या क्लबात. गुरुजी घाईत होते आणि शिष्य भक्तीत. दोघांच्याही लक्षात आलं नाही. पोरं आधी हसली. मग सरांचा चेहरा पाहून पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.

त्यानंतरचे शिबिराचे दिवस आठवले की मला अजून कसंतरी होतं. पोरांची अंगं कोवळी. चुकत, धडपडत का होईना, त्यांनी काता सुलटा केला. जावईबुवांचं अंग ऐकेना. जेवणाच्या सुट्टीत ते जिनिंगच्या भिंतीआड एकटे सराव करायचे. सुरुवात बरोबर व्हायची, पण मधल्या वळणावर पाय आपोआप डावीकडे जायचा. मी त्यांचं पाणी घेऊन गेलो होतो. घाम पुसत म्हणाले, "मोटार उलटी फिरली तं मी दोन वायर इकडच्या तिकडे करतो, झाली सुलटी. माणसाच्या वायरी कुठं असतात रे?" मला हसायचं होतं, पण हसू आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी गाव लोटलं होतं. सुमन आणि आणखी दोघं पास झाली. जावईबुवा मैदानात गेले, वाकले, आणि इतका सुंदर काता सुरू केला की परीक्षकांचीही मान हलली. मग ते वळण आलं. पाय डावीकडे गेला. त्यांना ते त्याच क्षणी कळलं. ते तिथेच थांबले, सरळ उभे राहिले आणि त्यांनी परीक्षकांना नमस्कार केला. काका हातात फेटा-शेला घेऊन पुढे आले. "साहेब, गावचे जवाई हायेत आमच्या. एवढी पोरं त्यायनंच तयार केली. देऊन टाका न." परीक्षक काही बोलण्याआधीच जावईबुवा म्हणाले, "मामाजी, पट्टा मागून नाई भेटत. शेला घरी ठेवा." सासऱ्याला त्यांनी आयुष्यात उलट उत्तर दिलं ते एवढंच.

मग रांग लागली. पट्ट्याच्या क्रमानं. नवा काळा पट्टा बांधलेली सुमन रांगेच्या टोकाला जाईना. ती सरांच्या मागं उभी राहून हुंदके देत होती. जावईबुवा वळले. "सुमन, समोर जाय." ती हलेना. "मी शिकवलेलं एवढं तरी सुलटं कर वो पोरी," ते म्हणाले, आणि स्वतःच मागं सरून तपकिरी पट्ट्यांत उभे राहिले. माझी बहीण बायकांमध्ये उभी होती. तिनं डोळ्यांना पदर लावला नाही. नवऱ्याची मान ताठ होती म्हणून तिनंही आपली ताठच ठेवली.

"येत्या साली नागपूरले जाऊन देतो परीक्षा," असं ते दर साली म्हणत. कधी पेरणीच्या तोंडावर मोटारींची गर्दी, कधी मुलीचं दुखणं. गेले नाहीत. क्लब त्यांनी सुमनच्या हाती दिला आणि स्वतः रोज पहाटे मागच्या ओळीत उभे राहू लागले. मी पुष्कळदा भिंतीवर बसून बघायचो. सुमन काता दाखवायची ती सरांकडे तोंड करून. गुरू, त्यातून गावचे जावई. त्यांच्याकडे पाठ कशी करायची? एक दिवस जावईबुवांनी पाहिलं की नवी पोरं पुन्हा डावीकडे वळू लागली आहेत. ते मागून ओरडले, "पाठ कर वो पोरी माह्याकडे! तोंड करून दाखवलं म्हणून तं माह्यं सारं उलटं झालं!" सुमन रडवेली झाली, पण वळली. तेव्हापासून डोणगावच्या क्लबात शिकवणारा पोरांकडे पाठ करूनच उभा राहतो. नव्या पालकांना ते उद्धट वाटतं.

त्या सकाळी काता पुन्हा सुरू झाला. पुढे सुमन, मध्ये पोरं, शेवटी जावईबुवा. मधलं वळण आलं, सारी पोरं उजवीकडे वळली आणि एकटे जावईबुवा डावीकडे. त्यांनी पाय पटकन मागे घेतला आणि पुढे कोणाच्या लक्षात आलं का ते पाहिलं. सुमनची पाठ होती. तिला काही दिसलं नाही.