हाजिरीबाबूंचा पत्ता

हाजिरीबाबूंनी पहिल्या भेटीत कुणाला नाव विचारलेलं मी कधी पाहिलं नाही. समोर माणूस बसला की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "कोणता सेक्टर?" मग "कोणती स्ट्रीट?" आणि मग "क्वार्टर?" एवढं कळलं की माणूस कळला. कुणाचे वडील कोणत्या शिफ्टला जात, कुणाच्या दारात आंबा होता, कोण कोणत्या खात्यातून रिटायर झालं, हे सगळं त्या नंबरामागोमाग त्यांना आठवत यायचं. मी कामावर रुजू झाले त्या दिवशी मलाही हेच विचारलं. मी नंबर सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे कोक ओव्हनवाल्या वाघमारेची पोरगी. बस, झालं." बाबा रिटायर होऊन, ते क्वार्टर सोडून आम्हाला नऊ वर्षं झाली होती आणि आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. हे सांगावंसं मला वाटलं नाही, आणि विचारावंसं त्यांना.

भिलाईची माणसं अशीच आहेत. क्वार्टर कंपनीचं, नोकरी संपली की किल्ली परत. पण नंबर मरेपर्यंत आपला.

भिलाईच्या पोलाद प्लांटच्या टाइम ऑफिसात त्यांनी जन्मभर कामगारांची हजेरी मांडली, म्हणून ते हाजिरीबाबू. मूळचे भंडाऱ्याकडचे. रिटायर झाल्यावर बरोबरीचे लोक बागेत चकरा मारू लागले. हे मात्र पावर हाउस भागात एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत येऊन बसू लागले. तिथे आमची छोटी संस्था होती. लांब शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांचे शिक्षा कमी करण्याचे अर्ज आम्ही तयार करायचो. वकीलसाहेब आठवड्यातून दोनदा सह्या करायला येत. बाकी निकालाची नक्कल काढणं, जेलचा दाखला मिळवणं, कैद्याच्या घरी जाऊन त्याला कोण ठेवून घेईल ते विचारणं, हे सगळं बाबू आणि मी. आम्हा दोघांचंही पद पॅरालीगल. मी एकदा त्यांना या शब्दाचा अर्थ विचारला, तर म्हणाले, "काम सगळं वकिलाचं. फक्त कोट नाई."

त्यांच्यासमोर "चौदा वर्षं" असं म्हणायची सोय नव्हती. "दिवस सांग," ते खेकसायचे. "वर्षं बाहेरचे लोक मोजतात. आतला माणूस दिवस मोजते." चौदा वर्षं म्हणजे पाच हजार एकशे तेरा किंवा चौदा दिवस, मध्ये लीप वर्षं किती आली त्यावर. एका म्हाताऱ्या कैद्याच्या दाखल्यात जामिनाआधी कोठडीत काढलेले एकोणचाळीस दिवस धरलेलेच नव्हते. जुने कागद चाळून बाबूंनी ते शोधून काढले आणि नवा दाखला घेऊनच परत आले. त्या दिवशी त्यांनी मला स्वतःहून चहा पाजला. ही घटना दुर्मिळ होती, कारण एरवी ते माझ्या डब्यातली पोळीही "तुह्या आईले सांग, मीठ कमी टाकत जा" असं म्हणून खायचे.

मी नवीन होते तेव्हा एका अर्जात खुनाला "दुर्दैवी घटना" असं लिहिलं होतं. बाबूंनी ते शब्द खोडले. "खून केला हे खरं. शिक्षा भोगली हेबी खरं. दोन्ही लिवायचं," ते म्हणाले. मी म्हटलं, काका, आपण कैद्याच्या बाजूचे ना? त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "जो मेला त्याची माय भी हा कागद वाचू शकते. तिले काय वाटंल?"

आणि शेवटची सवय म्हणजे वाचून दाखवणं. टाइम ऑफिसात म्हणे हजेरी पक्की करताना एक जण ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने "बरोबर" म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय बोट पुढच्या ओळीवर जात नसे. अर्जाचंही तसंच. टाइप झालेला अर्ज बाबू वाचणार, कैद्याच्या घरचं कोणी आलेलं असेल ते आणि मी "बरोबर" म्हणणार, शेवटी ते स्वतः म्हणणार, मगच पुढची ओळ. दहा पानांच्या अर्जाला अख्खी दुपार जायची. मला कंटाळा यायचा. पण या पद्धतीतून काही चूक सुटेल असं मात्र मला कधी वाटलं नाही.

देवानंदची फाइल हातात आली तेव्हा त्याला आत पंधरावं वर्ष लागलं होतं. तेवीस वर्षांचा असताना बाजारातल्या एका भांडणात त्याने लोखंडी सळई उचलली आणि त्याच्याच वयाचा एक माणूस मेला. वडील प्लांटमध्ये होते. ते रिटायर झाले, क्वार्टर गेलं आणि पुढच्याच वर्षी तेही गेले. आई जामुलला सिमेंट कारखान्याजवळ एका खोलीत भाड्याने राहायची. जामीनदार मिळेना म्हणून देवानंद पॅरोलवर कधी बाहेर आलाच नाही. ती खोली त्याने पाहिलेली नव्हती.

दर बुधवारी आई मुलाखतीला जेलवर जायची आणि तिथून बसने सरळ आमच्याकडे यायची. पदराने तोंड पुसत एकच विचारायची, "बाबूजी, मी आहो तवरीक येईल का तो?"

बाबू खोटी आशा कुणालाच देत नसत. तिलाही दिली नाही. "येईल असं मी म्हणत नाई, बाई," ते म्हणाले. "सरकारच्या मनातलं मले काय माहीत? पण कागद माह्या हातून चुकणार नाई. एवढं लिवून घे."

अर्ज वाचायच्या दिवशी ती टेबलाच्या कडेला हात धरून बसली होती. सुटकेनंतर कैदी कुठे राहील, या ओळीवर बाबूंचं बोट आलं. बाबूंनी तिला विचारून लिहिलेलं, मी टाइप केलेलं, त्यांनी मोठ्याने वाचलं, "स्ट्रीट अकरा, क्वार्टर चार बी."

"बरोबर," आई म्हणाली.

"बरोबर," मी म्हणाले.

"बरोबर," म्हणून बाबूंनी बोट खाली नेलं.

आठच दिवसांपूर्वी आम्ही दोघं जामुलच्या त्या खोलीत तिच्या खाटेवर बसून चहा प्यायलो होतो.

सात महिन्यांनी नकार आला. पोलीस चौकशीला देवानंदच्या वडिलांच्या जुन्या क्वार्टरला, चार बीला, गेले होते. तिथे भलतंच कुटुंब राहत होतं, त्यांनी देवानंदचं नावही ऐकलेलं नव्हतं. शिपायाने जे दिसलं तेच लिहिलं: "दर्शाए गए पते पर बंदी का कोई परिजन निवासरत नहीं." घरचं कोणी नाही, राहायला ठिकाण नाही, मग सोडायचं कुठे? वागणुकीचे शेरे चांगले होते, बाकी काही आडवं येत नव्हतं. एकदा नाकारल्यावर पुन्हा अर्ज करायला बराच काळ थांबावं लागतं.

बाबूंनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ती दोनदा वाचली. या वेळी "बरोबर" कोणी म्हटलं नाही. मग ते म्हणाले, "चूक माही. वाचणारा मी."

मी टायपिंगच्या टेबलाजवळ उभी होते. टाइप करणारी मी, असं म्हणायला हवं होतं. पुढे रोज वाटायचं, आज म्हणू. ते राहून गेलं, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

देवानंदच्या आईला त्यांनी ऑफिसात बोलावलं नाही. स्वतः जामुलला गेले, मी मागोमाग. त्यांनी उभ्यानेच सांगितलं, चपलाही काढल्या नाहीत. ती ऐकत राहिली. रडली नाही, चिडली नाही. उलट त्यांचीच समजूत काढल्यासारखं म्हणाली, "पत्ता त मीच सांगतला ना, बाबूजी? आमचं घर तेच होय. तुमी कावून जिवाले लावून घेऊन राहिले?" परतीच्या बसमध्ये बाबू पावर हाउस येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या डायरीच्या कोपऱ्यात रोज एक आकडा दिसू लागला. एक, दोन, तीन. मी विचारलं तर म्हणाले, "नकारानंतरचे दिवस. हे देवानंदचे नाई. हे माहे."

ते बदललेच. अर्ज एकदाऐवजी तीनदा वाचू लागले. आलेल्या माणसाला सेक्टर विचारायचं त्यांनी सोडून दिलं. "राहता कुठं? आज, आज सकाळी कुठून निघाले?" असं दरडावून विचारायचे. लोक बिचकायचे. मला त्यांची ती जुनी तीन प्रश्नांची माळ पुन्हा ऐकावीशी वाटायची.

पुढच्या मे महिन्यात देवानंदची आई गेली. उन्हात बसथांब्यावर चक्कर आली, ती पुन्हा उठली नाही. तो बुधवार होता. देवानंदला पोलिसांच्या पहाऱ्यात काही तासांसाठी आणलं. आपल्या आईचं घर कोणतं हे त्याला गल्लीच्या तोंडाशी विचारावं लागलं. आत आल्यावर तो खोलीकडेच बघत राहिला. खाट, स्टोव्ह, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर. ती तसबीर तेवढी त्याच्या ओळखीची होती. वंदना झाली. बाबू दारात हात जोडून उभे होते. देवानंदला घेऊन गाडी गेल्यावरही ते तसेच उभे.

आता जामुलचा पत्ताही उरला नव्हता. पुन्हा अर्ज करायची वेळ आली तेव्हा बाबूंनी खिशातून विजेचं बिल काढलं. भिलाई-३ला त्यांनी स्वतःचं लहानसं घर बांधलं होतं, पण त्याचा पत्ता त्यांना कधी पाठ झाला नाही. कुणी विचारला की ते बिल काढून वाचायचे. तेच बिल माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "हा टाइप कर."

"काका, काकूंना विचारलं?"

"तिनंच सांगतलं. मागची खोली रिकामीच आहे म्हणे. मी त नुसता विचार करून राहिलो होतो, बोलली ती."

अर्ज गेला. या खेपेला पोलीस भिलाई-३ला आले, काकूंनी त्यांना मागची खोली उघडून दाखवली. पण वर कागद हलायला वेळ लागतो, आणि बाबूंच्या छातीला तेवढा धीर नव्हता. हिवाळ्यात ते दवाखान्यात गेले. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाले, "डायरी तुह्याजवळ ठेव. आकडा चुकवू नको." तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी फक्त त्यांचा हात धरला. चार दिवसांनी ते गेले.

डायरीत शेवटचा आकडा सहाशे अकरा होता. त्या दिवसापासून रोज मी पुढचा आकडा लिहू लागले. सहाशे नव्वदाव्या दिवशी सुटकेचा हुकूम आला.

देवानंदला आणायला मी आणि काकू गेलो. दुर्गच्या जेलहून येताना रिक्षात तो दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, अजून कुणी तरी मोजणी करणार असल्यासारखा. मी मनाचा हिय्या केला आणि सांगून टाकलं, "तुमचा पहिला अर्ज पत्त्यामुळे नाकारला गेला. तो मी टाइप केला होता."

तो म्हणाला, "मालूम आहे, ताई. बाबूजी मुलाखतीले आले होते तवा. जाळीले हात लावून म्हणाले, देवानंद, तुहे दिवस मी खाल्ले." मग म्हणाला, "तुमचं नाव नाई घेतलं त्याईनं."

काकू बाहेर बघत होत्या. मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

घरी जाण्याआधी ठाण्यात हजर व्हायचं होतं. मुंशीने रजिस्टर उघडलं. नाव, वडिलांचं नाव. "पता?"

देवानंद ताठ उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, "स्ट्रीट ग्यारह, क्वार्टर चार बी."

मुंशीचं पेन चालू झालं होतं. "रुकिए साहब, काटिए, काटिए," मी जवळजवळ ओरडलेच. देवानंद खाली मान घालून उभा राहिला. काकूंनी पिशवीतून घडी पडलेलं विजेचं बिल काढलं. मुंशी कुरकुरला, त्याने ओळ खोडली आणि बिलावरून नवी लिहिली. मी रजिस्टर माझ्याकडे फिरवून घेतलं, ओळीवर बोट ठेवलं आणि पत्ता मोठ्याने वाचला.

"बरोबर," देवानंद म्हणाला.

"बरोबर," काकू म्हणाल्या.

"बरोबर," मी म्हणाले, पण बोट काही लवकर उचलवेना.