मागीलदारचा घोडा

“आकाश काय कोणाच्या बापाशीचा नाय, काका,” असं तो सांगायचा. चेहरा असा गंभीर, की ऐकणाऱ्याला वाटावं, आता पुढे उपनिषद येणार. पुढे यायचा तो शेजाऱ्याचा माड. कोणाच्याही मालकीचं नसलेलं ते आकाश त्याच्या वाट्याला मागीलदारी, म्हणजे घरामागच्या अंगणात, आलं होतं ते पूर्वेला या माडापासून सुरू व्हायचं आणि पश्चिमेला दुसऱ्या शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीपाशी संपायचं. मधली फट दोन हातरुमाल वाळत घालण्याएवढी.

तो आमच्या गावचा वायरमन. सगळे त्याला वायरमन म्हणूनच हाक मारत. रागावली की त्याची आईसुद्धा. दिवसभर गावाचे दिवे चालू ठेवायचे ही नोकरी आणि संध्याकाळनंतर काळोख शोधायचा हा छंद. या दोन गोष्टी एकाच माणसात कोणी घातल्या ठाऊक नाही. ज्याने घातल्या त्याला विनोदबुद्धी असावी, दया नसावी.

माझी त्याची गाठ पडली वाचनालयात. जामसंड्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावातलं वाचनालय निवृत्तीनंतर मी सांभाळतो. तिथे एक देणगीचा कॉम्प्युटर आहे. देणगीदाराच्या नावाची पाटी पडद्यापेक्षा मोठी असल्यामुळे तो सहसा कोणी लावत नसे. एका डिसेंबरात दुपारी हा हातात पेनड्राइव्ह घेऊन आला.

“काका, कॉम्प्युटर तासभर गावतलो?”

तासाचे चार दिवस झाले. आकाशाच्या एकाच तुकड्याचे त्याने शंभरेक फोटो काढले होते, प्रत्येक फोटो दोन मिनिटांचा. ते सगळे कॉम्प्युटर एकावर एक नेमके ठेवत होता. एका फोटोत काहीच दिसत नाही, पण शंभर ठेवले की जे खरोखर तिथे आहे तेवढं हळूहळू वर येतं, असं त्याने मला समजावलं.

“आणि तिथे काय आहे?”

“घोडो.”

मृग नक्षत्र तुम्ही पाहिलेलं असतं. त्याच्या कमरेला तीन तारे एका ओळीत आहेत. त्यातल्या एकाच्या शेजारी काळ्या धुळीचा एक ढग आहे आणि तो घोड्याच्या डोक्यासारखा दिसतो. त्याला स्वतःचा उजेड नाही. त्याच्या पाठीमागे अगदी फिकट तांबूस उजेड आहे, त्याच्यावर हा काळा उमटतो.

“म्हणजे तू काळोखाचा फोटो काढतोस?”

“होय. आणि काळोखाचो फोटो काढूक काळोख लागता. थंयच सगळो घोळ आसा.”

गावात अशी गोष्ट दोन दिवस लपत नाही. तिसऱ्या दिवशी चहाच्या दुकानावर सुरू झालं.

“काय वायरमन, घोडो गावलो?”

“कान दिसतत.”

“दाणो दाखव रे, येतलो धावत.”

तो हसायचा. पहिल्या हिवाळ्यात कान दिसत होते, दुसऱ्यात मान. आमच्याकडे जून ते ऑक्टोबर ढग, मग चांदण्या रात्री वजा करा, मार्चनंतर हवा धुरकट. उरतात त्या मोजक्या रात्री. त्या रात्रीही घोडा माडामागून निघून टाकीमागे जाईपर्यंत दीड तास मिळायचा.

त्याची सामग्री पाहून कोणी दिपून जावं अशी नव्हती. कॅमेरा लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाकडून जुना घेतलेला. ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवायला दोन फळ्या, एक बिजागरी आणि एक मोटर, हे सगळं त्याने स्वतः जुळवलेलं. आमच्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरते, म्हणून कॅमेरा पत्र्याच्या डब्यात, आणि डब्यात चोवीस तास शून्याचा बल्ब. त्यावरून आतल्या खोलीतून आवाज यायचा, “माजघरात दिवो नाय आणि कॅमेऱ्याक दिवो.”

तो आवाज त्याच्या आईचा. पडवीच्या पायरीवरून पडल्या तेव्हापासून त्या अंथरुणात होत्या. कमरेखालचं अंग गेलेलं, जीभ शाबूत. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. तो कामावर असताना एक शेजारीण यायची. संध्याकाळी सहापासून सकाळपर्यंत हा. मोबाइलवर दर दोन तासांचा गजर लावलेला. कॅमेरा चालू असो, ताटात भात असो, गजर झाला की, “येतंय गो आये.”

त्यामुळे दोन तासांत जाऊन परत येता येईल एवढंच त्याचं जग होतं. वेंगुर्ल्याला मामेबहिणीचं लग्न झालं, तिची मुलगी बालवाडीत जायला लागली. हा अजून लग्नाच्या शुभेच्छा द्यायला गेला नव्हता. पुण्याच्या हौशी मंडळींनी त्याचा कानापर्यंतचा घोडा कुठेतरी पाहिला आणि त्याला आकाशदर्शनाच्या शिबिराला बोलावलं. त्यांना वाचनालयातून उत्तर पाठवलं ते मीच टंकलं. “सध्या जमणे कठीण आहे” असं त्याने सांगितलं. यातला ‘सध्या’ चार वर्षं चालला.

वीज गेली की गावाचा पहिला संशय त्याच्यावर. समुद्रात वादळ असो, खांब आडवा झालेला असो, कोणीतरी म्हणणारच, “घोड्यासाठी काढल्यान.” त्यावर त्याचं ठरलेलं वाक्य होतं. “माझो हात नाय.” हे तो इतक्या वेळा म्हणाला, की मलाही थोडा संशय येऊ लागला.

मग हायमास्ट आला. इथे मला एक कबुली द्यायची आहे. चौकात उंच दिव्याचा खांब हवा, या ग्रामस्थांच्या अर्जाचा मसुदा माझा. ‘अंधाराकडून प्रकाशाकडे’ हे शब्द मी घातले. दुसऱ्यांच्या भाषणांत असे शब्द आले की मी खिडकीबाहेर बघतो. स्वतः लिहिताना हात अडला नाही. तो चौक त्याच्या मागीलदारापासून हाकेच्या अंतरावर आहे, हे अर्ज मंजूर झाल्यावर माझ्या ध्यानात आलं.

जोडणी त्यानेच केली. ती त्याची नोकरीच होती. उद्घाटक पाहुण्यांना संध्याकाळी दुसरा कार्यक्रम असल्यामुळे बटण दुपारी चार वाजता दाबलं गेलं. लख्ख ऊन. दिवे लागले की नाही, ते कोणालाच कळेना. पाहुणे वर बघत राहिले, त्यांच्यामागे सगळा चौक वर बघत राहिला. शेवटी खांबाच्या बुडाशी पेटीजवळ उभा असलेला वायरमन म्हणाला, “लागले.” मयताची बातमी सांगावी तसा आवाज. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री मी त्याच्याकडे गेलो. मागीलदार असं उजळलं होतं, की केळीच्या पानावरच्या शिरा मोजता आल्या असत्या. मी म्हटलं, “अर्जातलं ते वाक्य माझं आहे.”

“माका ठाऊक आसा. गावात ‘कडून’ आणि ‘कडे’ तुम्हीच लिवतास.” मग म्हणाला, “बाकी चौकात पोरीबाळी क्लासातून येतत. दिवो होयो तो.”

त्याने दोन बांबूंना ताडपत्री बांधून चौकाच्या बाजूने आडोसा केला आणि तिसरा हिवाळा काढला. घोड्याचं नाक अजून राहिलं होतं.

गावावरचा सडा, म्हणजे माथ्यावरचं पठार, त्याच्या घरापासून मोटरसायकलने वीस मिनिटांवर आहे. वर कातळ आणि करवंदीची झुडपं, एक दिवा नाही. तिथे एक रात्र मिळाली तर नाक पुरं होईल, असं तो सड्याकडे बघत म्हणायचा. वीस मिनिटं जायला, वीस यायला, मांडायला आणि आवरायला तासभर. गजर काही हलत नव्हता.

शेवटी माझ्या बायकोने ठरवलं, एका रात्रीची पाळी आम्ही दोघांनी घ्यायची. रात्र अर्थातच जानेवारीतली अमावास्या.

“अवसेच्या रात्री सड्यार?” शेजारीण म्हणाली. “थंय देवचार फिरता.”

“फिरांदे. त्याका बॅटरी लागत नाय, म्हणान तो माका बरो,” असं म्हणून तो आठ वाजता गेला. जाताना चार वेळा परत आला: एकदा औषध दाखवायला, एकदा आईला कसं धरायचं ते सांगायला, आणि दोनदा काहीच कारण नसताना.

“जा रे झिला,” आई म्हणाली. “मी खंय पळान जातंय?”

आम्ही बसलो. त्यांच्या अंथरुणाखाली हवेची गादी होती आणि खाटेला टांगलेला एक लहान पंप तिच्यात हवा फिरवत होता. त्याची घुरघुर इतकी सतत असते, की ती थांबते तेव्हाच ऐकू येते. सव्वानऊला ती थांबली. दिवे गेले.

“गेली लाईट,” आई काळोखात शांतपणे म्हणाली. “आता तो येतलो.”

मी मागीलदारी गेलो. हायमास्ट बंद, सगळा गाव बंद. माड आणि टाकी यांच्या बरोबर मध्ये मृग आलं होतं, आणि तारे इतके होते की नेहमीचे तीन शोधायला मला वेळ लागला. चार हिवाळ्यांत त्या फटीत असा काळोख पडला नव्हता. ज्याला तो हवा होता, तो सड्यावर होता. चौकातून आवाज येत होते. “सड्यार गेलो नि काढल्यान लाईट. अगदी टाइम बघून.”

पंचवीस मिनिटांत तो आला. त्याच माडाचं चुडत, म्हणजे वाळकी झावळी, तारेवर पडलं होतं. तो माड तोडायला नाही तर निदान साफ करायला सांगून त्याची जीभ झिजली होती. वीज केंद्राला फोन करून त्याने लाईन बंद असल्याची खात्री केली, शिडी लावली, चुडत ओढून खाली टाकलं. मी बॅटरी धरून उभा होतो. खांबावरून त्याने एकदा मान वर केली. किती वेळ, ते सांगता यायचं नाही. मला तो वेळ बरा लांब वाटला.

“कॅमेरा आहे ना बरोबर?” मी खालून हळूच म्हटलं. “अर्धा तास. कोणाला कळणार आहे? तसेही सगळे तुझंच नाव घेतायत.”

“काका, गादी बसता,” तो म्हणाला. “हवा गेली की हाडां फळयेक लागतत तिची.”

आणि त्याने फ्यूज घातला. हायमास्ट लागला. चौकातून कोणीतरी ओरडलं, “बघ, भियालो.” घरातून घुरघुर सुरू झाली. त्या गावात वीज जाऊ नये असं सगळ्यांत जास्त वाटणारा माणूस कोण, हे मला त्या रात्री कळलं. मी ते चौकात सांगू लागलो, तर त्यानेच माझा हात धरला. “रव्हांदे. घोड्याचा बोलतत तोवर बरा. आयेचा बोलाक लागले तर माका ऐकवचा नाय.”

पुढच्या दिवाळीआधी आई गेली. गादीची हवा काढून त्याने ती घडी करून एका गरजू घरात दिली. मग त्याला सगळ्या रात्री मोकळ्या होत्या. मी त्याच्याबरोबर एकदा सड्यावर गेलो. काळोख उत्तम, हवा स्वच्छ. दीड तास झाला आणि तो फळ्या आवरू लागला. गजर त्याने केव्हाच बंद केला होता.

“अजून मृग वर चढतंय,” मी म्हटलं.

“होय,” तो म्हणाला आणि मोटरसायकल चालू केली. घरी पोचून त्याने आतल्या खोलीत डोकावून पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी माडाकडे पाहिलं.

सड्यावर तो पुन्हा गेला नाही. नाक त्याने मागीलदारीच पुरं केलं, ताडपत्रीआडून, दीड दीड तासाने. त्यानंतरच्या मे महिन्यात त्याची बदली घाटावर झाली. तिथे, ऐकतो, रात्रभर चालणारे कारखाने आहेत. जाताना तो फ्रेम केलेला घोडा वाचनालयाला देऊन गेला. “सगळो मागीलदारचो आसा,” एवढंच म्हणाला. कान, मान, नाक, सगळं आहे. मी तो वाचनकक्षाच्या भिंतीवर लावला आणि खाली कसलंही वाक्य लिहिलं नाही.

ट्यूब लावली की काचेत ट्यूब दिसते. बंद केली की काही दिसत नाही.