गुडघेदुखीचा शेजार

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या पाहणीत प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण होते. ज्या प्रश्नांचे गुण एकत्र चढतात-उतरतात, त्यांचे गट करणारं घटक विश्लेषण मी नुकतंच शिकत होते. गुडघेदुखी भूक आणि झोपेच्या गटात येणार, असं मी धरूनच चालले होते. पडद्यावर ती ‘दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही’ याच्या शेजारी दिसली.

“माझं काही चुकलंय का?” मी शिकवणाऱ्या सुलभाताईंना विचारलं.

त्यांनी पुन्हा तपासलं. “नाही गं, बरोबर आहे.”

मी सुन्न झाले. गावी एकटी राहणारी माझी आई फोनवर फक्त गुडघ्यांचंच सांगायची. तिथूनच तिला फोन लावला. म्हटलं, “आज काय काय केलंस, सगळं सांग.”



“सगळं? वेळ आहे तुला?”