चौकटीतलं वाक्य

टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत पुस्तकांची पानं जुळवण्याचं काम चालतं, आणि काकींनी हो म्हटल्याशिवाय तिथून एक पान बाहेर पडत नाही. सगळ्यांच्याच त्या काकी. मालकसुद्धा काकीच म्हणतो, कारण त्याच्या वडिलांच्या वेळी त्या छपाईचे शिशाचे खिळे जुळवायला आल्या तेव्हा हा पठ्ठ्या याच टेबलाखाली दप्तरावर डोकं ठेवून झोपायचा. पुढे शिसं गेलं, कॉम्प्युटर आला, बरोबरीच्या बायका कंटाळून घरी बसल्या. काकी दोन महिने तोंड वाकडं करून की-बोर्ड शिकल्या. बारा लिप्यांतली पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली आहेत. वाचता येतात दोन. "वाचता येणारा माणूस अर्थात गुंततो," असं त्या मोठ्या तोऱ्यात सांगायच्या. "मी नुसते आकार बघते, म्हणून माझ्या चुका कमी." हा तोरा पुढच्या एका कामात चांगलाच उतरला.

ते काम आणलं पियानो सुरात लावून देणाऱ्या एका गृहस्थांनी. ऑफिसात त्यांचं नाव सूरवाले पडलं. त्यांना जन्मापासून दिसत नाही. तरुणपणी ते आणि त्यांची बायको एका जपानी पियानो-कारखान्यात कामाला होते, तिथलंच हे दुरुस्तीचं पुस्तक. अर्धं जपानीत, अर्धं चिनीत.

"वीस वर्षं हिने मला हे वाचून दाखवलं," शेजारी बसलेल्या बायकोकडे हात करत ते म्हणाले. "गळ्याचं ऑपरेशन झालं आणि हिचा आवाज गेला. माझ्याकडे चार जण शिकतात, चौघांनाही दिसत नाही. दोघांना जपानी कळतं, दोघांना चिनी; ते एकमेकांना समजावतील. आता पुस्तकानेच बोलायला हवं, बाई. फाइल उघडली की कॉम्प्युटरने सगळं वाचावं. एक शब्द गाळायचा नाही."

"नाही गाळणार," काकी म्हणाल्या.

पहिल्या आठवड्यात त्या लिपीने काकींच्या नाकी नऊ आणले. निम्म्या अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन यायचे. जी यायची तीही गोंधळात टाकायची, कारण दोन्ही भाषांची पुष्कळशी अक्षरं एकच, फक्त वळण थोडं वेगळं. आणि कॉम्प्युटरला बजावून सांगितलं नाही तर तो जपानी पानावर खुशाल चिनी वळणाची अक्षरं बसवतो. काकींनी बजावलं. या भागाला हा फाँट, त्या भागाला तो, आणि दोन्ही फाइलच्या पोटात भरायचे, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर फाइल उघडली तरी अक्षरं जागची हलणार नाहीत. छापील पान आणि नवं पान खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून त्यांनी डोळ्यांत तेल घालून तपासलं. पान देखणं झालं. मालकाने ते भिंतीवर लावलं.

सूरवाल्यांनी फाइल घरी नेऊन लावली आणि तासाभरात फोन केला. "बाई, हा मध्येच पुटपुटतो आणि गप्प बसतो. आणि जपानी भागसुद्धा चिनी उच्चारांनी वाचतोय."

काकींना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. आयुष्यभर त्यांनी पान डोळ्यांनी पारखलं होतं, आणि ज्याच्यासाठी हे पान केलं त्याला डोळे नव्हते. एवढी साधी गोष्ट आपल्या लक्षात येऊ नये याची त्यांना मनापासून लाज वाटली.

मालकाने खांदे उडवले. "काकी, आपलं काम दिसण्याचं. दिसतंय की छान. सोडा आता."

"त्यांना दिसत नाही," काकी म्हणाल्या आणि फाइल पुन्हा उघडली.

झालं होतं असं, की पानावर आकार होते, पण कुठला आकार म्हणजे कुठलं अक्षर हे सांगणारी यादी काही फाँटांबरोबर फाइलमध्ये गेलीच नव्हती. वाचणारा आवाज त्या यादीवरून वाचतो. आकार त्याच्या काय कामाचा? काकींनी ती यादी जोडली. मग प्रत्येक परिच्छेदाला, हा जपानी, हा चिनी, अशी आतून खूण केली, म्हणजे त्या त्या भाषेचा आवाज लागेल. हे सोपं. कठीण होतं ते तपासणं. न कळणारी भाषा कानांनी कशी तपासायची?

यावर काकींनी काढलेली युक्ती त्यांनाच सुचावी. दोन्ही भाषांत वाक्य संपलं की एक छोटं पोकळ वर्तुळ येतं, आणि तिथे आवाज थांबतो. कागदावरची वर्तुळं मोजायची, कानांनी थांबे मोजायचे. आकडा जुळला की पान पास. मोबाइलवर फाइल लावून, हातात पेन्सिल घेऊन त्या घरीसुद्धा मोजत बसायच्या.

"ही बाई म्हणतेय तरी काय?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"मला काय माहीत? ती थांबते कुठे एवढंच मला बघायचंय. तुम्ही मध्ये बोललात, आता पान पहिल्यापासून."

नवरा मुकाट्याने गॅलरीत जाऊन बसला. पुढचे चार दिवस बिचाऱ्याचा मुक्काम तिथेच होता.

एक्केचाळिसाव्या पानावर वर्तुळं नऊ होती आणि थांबे आठ. काकींनी सहा वेळा ऐकलं. आठच. त्या पानावर एक चौकट होती, तिच्यात जाड टाइपातलं एकच वाक्य. तो जाड फाँट वेगळा, त्याची यादी जोडायची राहिली होती. आवाज त्या चौकटीला वळसा घालून पुढे जात होता. काकींनी सूरवाल्यांना फोन करून सांगितलं, "एक्केचाळिसाव्या पानावरची एक चौकट वाचायची राहतेय. आणखी एक दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात सूरवाल्यांची बायको उभी. एकटीच. तिने टेबलावरचा कागद ओढून लिहिलं, 'ती चौकट राहू द्या.'

"का हो, वहिनी?"

तिने पेन्सिल खाली ठेवली. आपली दमछाक तिला बघवत नसेल, असं काकींना वाटलं. "मी त्यांना शब्द दिलाय," त्या म्हणाल्या. "एका चौकटीपुरता कानाडोळा केला, तर बाकीची चारशे पानं तरी त्यांनी कशावर विश्वास ठेवून ऐकायची?"

वहिनींनी काकींचं मनगट धरलं, जरा वेळ धरून ठेवलं आणि सोडलं. त्या गेल्यावर काकींचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तरी त्यांनी यादी जोडली. नऊ वर्तुळं, नऊ थांबे.

शेवटच्या दिवशी दोघं आले. सूरवाले अधूनमधून पानाचा आकडा सांगायचे, काकी ते पान लावायच्या. मग ते म्हणाले, "ती राहिलेली चौकट ऐकू."

आवाजाने वाचलं. सूरवाल्यांची बोटं गुडघ्यावर थबकली.

"पुन्हा लावा."

काकींनी पुन्हा लावलं.

"काय आहे त्यात?" काकींनी हळूच विचारलं.

"तार बदलण्याचं काम दृष्टी नसलेल्या माणसाने करू नये," सूरवाल्यांनी अर्थ सांगितला. मग ते बायकोकडे वळले. "वीस वर्षं हे वाक्य गाळलंस?"

वहिनींनी त्यांचा हात ओढून तळव्यावर बोटाने काहीतरी लिहिलं. काकींना त्या क्षणी स्वतःचा आणि आपल्या हट्टाचा भयंकर राग आला.

"बरं केलंस," सूरवाले म्हणाले. "तेव्हा ऐकलं असतं तर मी पहिल्याच वर्षी हत्यारं ठेवून दिली असती. किती तारा बदलल्या असतील मी?"

"काढून टाकू का?" काकी म्हणाल्या. "दोन मिनिटांचं काम आहे."

"नको. पुस्तक आहे तसं त्या चौघांना ऐकू दे. त्याच्याखाली एक वाक्य वाढवा, दोन्ही भाषांत. ही लिहून देईल. लिही, 'हे काम मी न बघता वीस वर्षं केलं आहे.'"

वहिनींनी पेन्सिल घेतली. अक्षरं ठसठशीत उमटली. काकींनी कागद जवळ ओढला आणि चष्मा पुसला.

"टाइप कुठला घालू?"

"वरच्या वाक्याचाच," सूरवाले म्हणाले. "तेवढाच जाड."