कौलं उतरवली त्याची गोष्ट

मैत्रिणींनो, आज दुपारी आमच्या मिरचीच्या गोदामातून जुने व्यापारी काही न घेता परत गेले. असं पहिल्यांदाच झालं.

त्यांनी पोत्यातली मूठभर मिरची तळहातावर चोळली आणि हळूच परत टाकली. "भाभी, माल चांगला शे, पन रंग उडी गया. फिक्की मिरची कोन लेई?"

हे गोदाम माझ्या वडिलांचं. त्यावर कौलं होती. दरवर्षी पावसाळ्याआधी धडगावकडचं एक कुटुंब येऊन ती काढून पुन्हा नीट लावायचं, फुटकी बदलायचं. लहानपणी मी शिडीखाली उभी राहून त्यांच्या हातात कौलं द्यायची. माझे लाल हात बघून कॉन्व्हेंटच्या सिस्टर रागवायच्या.

पुढे लग्नानंतर गोदाम आम्ही दोघं चालवू लागलो आणि ह्यांनी हिशेब मांडला. "दरसाल हाऊ खर्च कसाले? पत्रा टाकी देऊत." सगळ्यांना पटलं. कौलं उतरली, खालची लाकडं विकली, पत्रे चढले. आता उन्हाळाभर आत भट्टी पेटल्यासारखं होतं आणि मिरचीचा लाल रंग पोत्यातच उडून जातो.

पुन्हा कौलं घालायची म्हटलं, तर लाकडं गेली. ते कुटुंबही आता वर्षभर गुजरातेत कामाला असतं.

व्यापारी गेल्यावर हे पोत्यावर बसून म्हणाले, "आते इकी टाकूत गोदाम." विकायचं ऐकून मी नुसती वर बघत राहिले. त्या पत्र्याला खरंच काही खर्च येत नाही.

खर्च वाचवायला मोडलेलं काही तुमच्यापैकी कुणाला पुन्हा उभं करता आलंय का? खरं सांगा, नुसता धीर देऊ नका.