सिनेटरच्या भरवशावर

"खोटा आसा ह्या! तो असा बोलूचोच नाय!" गोरेगावच्या सलूनमध्ये पेपर फडकवत आमचे मालवणी शेजारी असे ओरडले, की म्युनिसिपालटीची गाडी आली समजून पार मालाडच्या कोळणींनी पाट्या झाकल्या असतील.

गिरणी बंद पडल्यापासून त्यांचा इथल्या एकाही पुढाऱ्यावर विश्वास उरला नव्हता. होता तो अमेरिकेतल्या एका सिनेटरवर. बंद कारखाने उघडीन, असं तो दर निवडणुकीत सांगायचा. पोरांची नावं घेताना हे अडखळत, पण त्याची पेपरात आलेली भाषणं घडाघडा म्हणत. मी आणलेली वॉचमनची नोकरीही त्यांनी नाकारली होती. म्हणे, तिकडे कारखाने उघडले की इकडेही उघडतील.

आज तोच सिनेटर म्हणाला होता, बंद कारखाने आता विसरा.

पेपरची नीट घडी घालून त्यांनी मला हळूच विचारलं, "ती वॉचमनची जागा आसा ना रे अजून?"

"भरली," मी म्हणालो.